घरमालकांचा शॉकअप

नवी वस्तू म्हणजे न तपासलेली वस्तू, असे त्यांचे मत होते. मी बीबी गावात त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून गेलो, त्या दिवशी त्यांनी प्रथम माझा टेबलफॅन खोलला आणि नंतर माझे नाव विचारले. फॅन नवा नव्हता. परंतु त्यांच्या घरात तो नवा होता.

मी तेव्हा बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो. नोकरीची शेवटची दोन वर्षे आणि निवृत्तीनंतरचे एक, अशी तीन वर्षे मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत काढली. ते स्वतः मेहकरच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. मिशी पांढरी, अंगकाठी सडसडीत, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी दहा-अकराचा पाना. लग्नाकार्यातही तो पाना जागा सोडत नसे. एका लग्नात मांडवातला कूलर बंद पडला. मंगलाष्टके चालू असताना हे कूलर खोलून बसले. ‘शुभमंगल सावधान’ झाले तेव्हा हातातल्या अक्षता त्यांनी जागेवरूनच भिरकावल्या. त्या कूलरच्या पंख्यात गेल्या. कूलर पुन्हा खोलावा लागला. जेवणाच्या पंगती त्यांच्यावाचून उठल्या. त्याचे त्यांना काही वाटले नाही. कूलर चालू झाला होता.

गावापासून तीन किलोमीटरवर, टेकडीच्या कुशीत त्यांचे शेत होते. टोमॅटो, वांगी, मिरची. वाट दगडांची, मध्ये खोल नाला, त्याच्या अलीकडे गावाकडे जाणारी लहान चढण आणि पलीकडे शेताकडची खडी चढण. त्या वाटेला वाट म्हणणे हे माझ्या शिक्षणाला धरून नव्हते. त्यांचे दोन्ही गुडघे निकामी होत आले होते. शेवटचा बैल वयोमानाने गेला आणि त्यांनी दुसरा घेतला नाही.

मुलगा एकुलता एक, संभाजीनगरला कारखान्यात नोकरीला. आईवडिलांना तिकडे न्यावे ही त्याची इच्छा. वडिलांची तयारी नव्हती. शेवटी बापलेकांत एक करार झाला: ज्या दिवशी वडिलांना आपले आपण शेतात जाता येणार नाही, त्या दिवशी शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, द्यायचे आणि मुकाट्याने शहरात यायचे. करार तोंडी होता. दोघेही तो पाळणारे होते.

वहिनींना, म्हणजे घरमालकिणींना, मी एकदा विचारले, ‘‘तुमचे मत काय?’’

‘‘मी कुठंबी राहीन, भाऊजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पन ह्यायले तिथं नेलं तर पहिल्याच दिवशी हे बिल्डिंगीची लिफ्ट खोलतीन. मंग आमी सारे जिन्यानं.’’

करार झाल्यावर मुलानेच बॅटरीवर चालणारी सायकल पाठवली. डोंगरात चालवण्याची जाड टायरांची सायकल. पायडल मारले की मोटर हातभार लावते. वडिलांनी ती डांबरी रस्त्यावर चालवावी, हवापालट करावा, एवढाच त्याचा हेतू. खोका उघडून अर्धा तास होतो न होतो तोच पुढचे चाक अंगणात निराळे पडले होते.

‘‘अजून हळदकुंकू लावलं नाही गाडीले,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘लाव ना. चाकाले वेगळं लाव, हँडलले वेगळं लाव.’’

तिसऱ्या दिवशी ते त्या सायकलीवरून शेतात गेले. गुडघ्यांची तक्रार नव्हती. तक्रार हातांची निघाली. वाटेतला प्रत्येक दगड हँडलमधून मनगटात आणि मनगटातून खांद्यात पोहोचत होता. महिनाभरात त्यांची बोटे बधिर होऊ लागली. डॉक्टरांनी सांगितले, हादरे थांबवा नाहीतर सायकल थांबवा. सायकल थांबवणे म्हणजे संभाजीनगर, हे त्यांना ठाऊक होते. त्या संध्याकाळी त्यांनी सायकल उलटी ठेवली आणि पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन नळ्यांकडे बराच वेळ पाहत बसले.

‘‘साहेब,’’ ते मला म्हणाले, ‘‘हे शॉकअप नाही. हे शॉकअपचा फोटो हाय.’’

निदान बरोबर होते. तो स्प्रिंगचा शॉकअप दाबल्यावर बसे आणि बसल्यावर उठायचा विचार करी.

पुढील दीड वर्ष त्या घरात दुसरा विषय नव्हता. आधी त्यांनी बसच्या इंजिनखालचे रबर कापून नळीत बसवले. रबर इतके इमानी निघाले की शॉकअप हललाच नाही. मग स्प्रिंग बदलली. सायकल दगडावर आपटली की पुढून बकरीसारखी उडे. अखेर त्यांनी हवेचा शॉकअप मागवला. त्याच्या पोटात स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते. नव्या शॉकअपची वरची दांडी सायकलच्या मापाने कापून घ्यावी लागते. त्यांनी चार दिवस नुसते माप घेतले. मला बोलावून दोनदा तपासून घेतले. मी म्हणालो, मापे जुळत आहेत, आता कापा.

‘‘सडक चुकली तं तुमी दुसऱ्यांदा टेंडर काढता,’’ ते म्हणाले. ‘‘कापलेली दांडी परत वाढत नाही, साहेब.’’

पाचव्या दिवशी कापली. बरोबर बसली.

शॉकअपमध्ये हवा माणसाच्या वजनाप्रमाणे भरायची असते. ही सूचना त्यांनी अक्षरशः घेतली. शॉकअपच्या चकचकीत नळीवर एक रबरी कडे असते. शॉकअप जितका दबेल तितके ते वर सरकते आणि तिथेच राहते. त्यावरून किती दबला ते कळते. ते सकाळी उपाशीपोटी सायकलवर बसून कडे पाहत. न्याहारीनंतर पुन्हा पाहत. फरक दिसला की बारीक पंपाने हवा मारत.

‘‘कालपासून एकच भाकर खाऊन राह्यले,’’ वहिनी सांगत. ‘‘इचारलं काऊन, तं म्हनते दुसऱ्या भाकरीले पुन्हा पंप मारा लागते.’’

हादरे कमी झाले की नाही, हे ठरवण्याची त्यांची पद्धत स्वतंत्र होती. आपल्या मनगटावर त्यांचा भरवसा नव्हता. मनगट म्हातारे झाले आहे, ते काहीही सांगेल, असे ते म्हणत. पिकून लाल झालेले टोमॅटो थैलीत भरून ती थैली ते हँडलला अडकवत आणि शेतातून घरी येत. जितके टोमॅटो फुटत तितका शॉकअप वाईट. फुटलेले टोमॅटो स्वयंपाकघरात जात. मी त्यांच्याकडेच जेवत असे. त्यामुळे कामाची प्रगती मला ताटात कळे. पहिले दोन महिने सकाळ-संध्याकाळ टोमॅटोची भाजी, टोमॅटोची चटणी आणि टोमॅटोचे सार होते. हवेचा शॉकअप बसल्यावर सार गेले. रुंद टायर आले, चटणी गेली. सीटखाली स्प्रिंगचा दांडा बसवला त्या आठवड्यात भाजीही गेली.

‘‘आता भेदराची भाजी खावी वाटली तं काय करू?’’ वहिनींनी विचारले. टोमॅटोला त्या भेदर म्हणत.

‘‘हातानं फोड,’’ ते म्हणाले. त्यांचा आनंद या पद्धतीचा असे.

त्या शॉकअपचा त्रास मलाही झाला. गावातला रस्ता माझ्या देखरेखीखाली झालेला होता. एके दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले.

‘‘साहेब, तुमची सडक खचली.’’

‘‘कुठे?’’

‘‘पुलाच्या अलीकडं. तिथं माहा शॉकअप दोन बोटं जास्त बसते.’’

मी म्हणालो, रस्त्याची तपासणी सायकलीने होत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले. रस्ता खचला होता. मी तो दुरुस्त करून घेतला. खचला होता म्हणून घेतला. त्यांनी सांगितले म्हणून नव्हे. हे मी त्यांना स्पष्ट केले. ते ‘हाव, हाव’ म्हणाले आणि त्यानंतर दर महिन्याला मला माझ्या रस्त्यांचा अहवाल मिळू लागला. त्यात चूक एकदाही निघाली नाही.

सर्वांत शेवटी त्यांनी ब्रेक बदलले. तारेचे काढून तेलाच्या दाबावर चालणारे बसवले. चाकाच्या मध्याशी पोलादाची पातळ चकती असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेकचे दोन लहान तुकडे ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. एका बोटाने सायकल जागेवर थांबे. त्या डिस्कला ते स्वतःचे बोटही लागू देत नसत. ‘‘बोटाले तेलकटपना असते,’’ ते म्हणत. ‘‘डिस्कले तेल लागलं का ब्रेक मेला.’’

मी निवृत्त झालो त्या वर्षी मुलगा पोळ्याच्या दोन दिवस आधी गावी आला. आला तोच कपाळाला आठ्या घालून. गावातल्या कुणीतरी त्याला फोनवर सांगितले होते की तुझा बाप टेकडीवरून वाऱ्यासारखा खाली येतो. जेवायला बसल्यावर त्याने विषय काढला.

‘‘बाबा, पोळा झाला का चला माह्यासंगं. बस झालं आता.’’

‘‘करार काय हाय? शेतात जाता येते तोवर मी इथं. येते मले जाता.’’

‘‘जाता येते. उतरता येते का? त्या उतारावर पडले तं कोन उचलन तुमाले?’’

‘‘दोन वर्षांत पडलो का?’’

‘‘पडल्यावरच सांगान का मले?’’

ताटे तशीच राहिली. वहिनींनी दोघांच्याही ताटांत विचारल्याशिवाय भाजी वाढली आणि निकाल दिला. ‘‘भांडता कायले? तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ह्यायले वरून नाल्याइकडच्या कडुनिंबापर्यंत उतरवून पाहा. पडले, नाहीतर पाय टेकवला, तं आपन तिघं बसनं जाऊ. नाही टेकवला तं तू एकटा जाय. अन् पाहाले भाऊजी उभे राहातीन. ते कोनाचेच नाहीत.’’

हा गौरव होता की नाही, हे मी ठरवू शकलो नाही. परंतु पंच होणे मान्य केले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे हळद आणि लोण्याने चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याचा तो मान असतो. या घरी बैल राहिला नव्हता. तरीही वहिनींनी सवयीने हळद-लोण्याची वाटी तयार केली होती. दरवर्षी ती शेजाऱ्यांच्या गोठ्यात जाई. या वर्षी मुलाने ती हातात घेतली आणि अंगणात सायकलीपुढे जाऊन बसला. मी ओसरीवरून पाहत होतो. त्याने पळसाच्या पानाने हँडलखालचा भाग चोळला, शॉकअपच्या दोन्ही नळ्या वरपासून खालपर्यंत चोळल्या, पुढचे चाक मध्याशी चोळले, मग मागचेही. वाटीतले उरलेले लोणीही त्याने वाया जाऊ दिले नाही. शेवटी सीटवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’’

मान वर केली तर वडील फाटकात उभे होते. सायकलीला कुणी हात लावला तर ते ओरडत. त्या वेळी ओरडले नाहीत. पाहून आत निघून गेले. मला ते विचित्र वाटले, परंतु मी विचारले नाही.

पोळ्याच्या दिवशी सायकल झूल पांघरून, गळ्यात झेंडूची माळ घालून ओसरीत उभी होती. वहिनींनी तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मुलाने सराव करून घ्या असे सुचवताच वडील म्हणाले, ‘‘सनाले जुंपत नाही.’’ सायकल दिवसभर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, ते सायकलवरून वर गेले. आम्ही दोघे मागून चालत गेलो. चढणीवर ब्रेकची गरज नसते. पाय थांबला की सायकल थांबते. वर पोहोचल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावले.

‘‘साहेब, तुमी खाली नाल्यापाशी उभे राहा. अन् पोराले इथं वरच राहू द्या.’’

‘‘वरून वळणापलीकडचे दिसत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘म्हनूनच.’’

मी खाली जाऊन उभा राहिलो. मुलगा वर राहिला. थोड्या वेळाने दगड खडखडण्याचा आवाज आला आणि वळणावर ते दिसले. वेग नेहमीचा नव्हता. दुप्पट असावा. सदरा पाठीमागे फुगलेला, दोन्ही हातांची बोटे ब्रेकच्या दांड्यांवर घट्ट आवळलेली, आणि सायकल मुळीच ऐकत नव्हती. पुढचे चाक एका दगडावरून दुसऱ्यावर पडत होते. शॉकअप बसत होता, उठत होता, पुन्हा बसत होता. हँडल मात्र सरळ होते. एवढ्या वेगात त्या पहिल्या स्प्रिंगने त्यांना पळसाच्या झाडावर नेऊन टांगले असते.

‘‘साहेब, बाजूले!’’

मी बाजूला झालो. ते माझ्यासमोरून गेले, नाल्यातून पाणी उडवत गेले आणि गावाकडची चढण चढू लागले. अर्ध्या चढणीवर वेग मोडला. वर सपाटीला सायकल आपसूक मंद झाली आणि कडुनिंबाशी थांबली. ठरलेले अंतर तिथे संपत होते. मग त्यांनी पाय टेकवला.

मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो तेव्हा पहिल्यांदा वास आला. कढवलेल्या लोण्याचा. चाके तापली होती आणि तिथून साजूक तुपाचा वास येत होता. डिस्कवर पिवळी साय धरली होती.

‘‘ब्रेक नव्हता,’’ मी म्हणालो.

‘‘नाही.’’

‘‘केव्हा कळले?’’

‘‘परवाच. त्यानं डिस्कले पान लावलं तेव्हाच.’’

‘‘पुसून टाकायचे होते.’’

ते हँडलकडे पाहत राहिले. ‘‘दोन वर्षं झाले गाडी आनून, साहेब. पोरानं पहिल्यांदा तिले हात लावला. पुसू कसं?’’ थोडे थांबून म्हणाले, ‘‘शॉकअपवर भरवसा होता. अन् चढन तं समोर होतीच. तुमी त्याले सांगू नोका.’’

मुलगा धापा टाकत येत होता. त्याला वरून काहीच दिसले नव्हते. तो थेट माझ्याकडे आला.

‘‘काका, पडले?’’

‘‘पडले नाहीत.’’

‘‘पाय टेकवला?’’

‘‘कडुनिंबापर्यंत नाही.’’

त्याचा चेहरा उतरला, की मोकळा झाला, हे मला सांगता येणार नाही. तो वळला. मी तेवढ्यावर थांबू शकलो असतो. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे खरी दिली होती. परंतु आयुष्यात मी कोणत्याही कामाला अर्धा शेरा मारला नव्हता, आणि त्या सायकलीवर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणार होते.

‘‘ब्रेक मात्र लागत नव्हते,’’ मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे असे पाहिले की मी नजर दुसरीकडे वळवली.

‘‘पाहा!’’ मुलगा उसळला. ‘‘हेच म्हनत होतो मी! बिनब्रेकाची गाडी घेऊन...’’

‘‘ब्रेक लागत नव्हते, कारण डिस्कला लोणी होते. दोष यंत्राचा नाही. चालवणाऱ्याचाही नाही.’’

तो खाली बसला. डिस्कवर बोट फिरवले, चटका बसला म्हणून मागे घेतले, बोटाचा वास घेतला. बोट पिवळे झाले होते.

‘‘बाबा, तुमाले माहीत होतं?’’

‘‘सन होता,’’ वडील म्हणाले.

मग वडिलांनी त्याच्यावर आवाज चढवला. दोन दिवस दाबून धरलेला असावा. ‘‘काऊन बे, गाववाला ना तू? खांदा कुठं असते? हा वर असते. हे खालचं काय हाय? खुर हाय हे! खुराले लोनी लावते का कोनी? बैल घसरून मरीन ना!’’

मुलाला हसू आले. ते त्याने आवरायचा प्रयत्न केला आणि ते त्याला आवरेना. वडीलही हसू लागले. मी हसलो नाही. परंतु रुमाल काढावा लागला, कारण धूळ फार होती.

घरी परत येताना सायकल मुलाने हातात धरून चालवत आणली आणि वडील हळूहळू, गुडघे सांभाळत, त्याच्या मागून आले. अंगणात बापलेक दुपारपर्यंत समोरासमोर बसले. एकाने पुढची डिस्क घेतली, दुसऱ्याने मागची. रॉकेल, मग साबणाचे पाणी, मग बारीक पॉलिशपेपर. वडील मुलाला ‘असं नाही, तसं’ म्हणत होते आणि मुलगा ‘समजलं, समजलं’ म्हणत चुकत होता. डिस्क लख्ख झाल्या. ब्रेकचे तुकडे मात्र लोणी प्यायले होते. ते वाचले नाहीत. वहिनींनी त्या सकाळचा सगळा वृत्तांत ऐकला आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘पुढच्या साली वाटी मी माह्या हातात ठेवीन.’’

संध्याकाळच्या गाडीने मुलगा एकटा गेला. गाडी सुटल्यावर वडील तिच्या मागच्या चाकांकडे पाहत म्हणाले, डाव्या स्प्रिंगचा पाटा बसला आहे. ब्रेकच्या तुकड्यांवाचून सायकल आठ दिवस ओसरीत उभी राहिली. शेतावर शेजाऱ्याचा गडी जाऊ लागला. ते दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत. गड्याच्या थैलीत पुन्हा टोमॅटो फुटत, आणि जेवताना त्या भाजीलाही त्यांनी नाव ठेवले नाही. हा करार असाच संपणार, असे मला वाटू लागले.

नवव्या दिवशी मी पेन्शनच्या कामासाठी मेहकरला गेलो होतो. तिथल्या डेपोत त्यांच्या नावाचे एक लहान पार्सल संभाजीनगरहून आले होते. ते मी घेऊन आलो. त्यांनी ते ओसरीत बसून उघडले. आत ब्रेकचे नवे तुकडे होते. चिठ्ठी नव्हती. त्यांनी एक तुकडा उजेडात धरला, जुन्याला लावून पाहिला, अंगठ्याने कड तपासली.

‘‘माप बरोबर आहे?’’ मी विचारले.

‘‘बरोबर हाय. जाताना इथला घेऊन गेला वाटते नमुन्याले.’’ मग ते थांबले. पाकिटाच्या तळाशी हात घालून त्यांनी आणखी तुकडे बाहेर काढले आणि सगळे मांडीवर ओळीने मांडले.

‘‘दोन्ही चाकांचे दोन-दोन संच हायत,’’ ते म्हणाले.

‘‘बरे झाले.’’

‘‘एक संच वर्षभर चालते, साहेब.’’

ते स्वयंपाकघराकडे वळले आणि शेजारच्या गोठ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘ऐकलं का वं? पोरानं दोन वर्षं देल्ले!’’